रुकी अडून बसलाय? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते असं शोधा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, बातम्यांत एक मथळा हमखास झळकतो: अमुक संघाचा पहिल्या फेरीत निवडलेला रुकी (पहिल्याच वर्षाचा खेळाडू) हंगामाआधीच्या सराव कॅम्पला आलाच नाही, करारावरून अडून बसलाय. हा खेळ नव्याने बघायला लागलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी दोनच विचार येतात. एक तर ‘अजून एक चेंडू झेलला नाही आणि एवढी मिजास!’, नाही तर ‘अब्जावधींचे मालक आणि पोराचे चार पैसे सुटत नाहीत!’ बहुतेक वेळा दोन्ही चुकतात, कारण भांडण आकड्याचं नसतंच.

हा लेख अशा नव्या प्रेक्षकांसाठी आहे. न्यू जर्सी नाही तर टेक्ससमध्ये राहायला गेल्यावर शेजाऱ्यांच्या नादाने रविवारचे सामने बघू लागलेले, किंवा पुण्यात रात्र जागवून बघणारे. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हे एकदा सांगून टाकतो. अशा अडून बसण्याची, म्हणजे होल्डआउटची, बातमी आली की खालचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिली पायरी: सही झालीये का?

सगळ्यात आधी हे बघा, कारण होल्डआउट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिला प्रकार खऱ्याखुऱ्या रुकीचा. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला (कॉलेजातून येणारे खेळाडू संघ फेरीफेरीने, पाळीपाळीने निवडतात तो), संघाने त्याला निवडलं, पण त्याने करारावर सही केलेली नाही. असा खेळाडू कॅम्पला आला नाही तर त्याला दंड होत नाही. करारच नाही, तर दंड कसला? पण पगारही नाही. शिवाय तो दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नाही, त्याच्यावरचा हक्क निवडणाऱ्या संघाकडेच राहतो. आयपीएलची सवय असलेल्यांची इथे फसगत होते. तिथे लिलावात बोली लागते आणि तीच रक्कम ठरते. इथे निवड आधी होते, कागद नंतर येतो.

दुसरा प्रकार म्हणजे रुकी करारावरच, म्हणजे पहिल्याच करारावर, खेळणारा, पण तीन हंगाम काढलेला खेळाडू. त्याने सही केलेली असते, आता त्याला नवा करार हवा असतो. हा कॅम्प चुकवायला लागला की मीटर पडतो. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानुसार रुकी करारावरच्या खेळाडूला कॅम्पच्या प्रत्येक चुकवलेल्या दिवसाला ४० हजार डॉलर दंड आहे. त्याच्याबद्दल शेवटी बोलू. आधी पहिल्या प्रकाराकडे.

दुसरी पायरी: तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला?

क्रमांक कळला की रक्कम जवळपास कळलीच म्हणून समजा. हे २०११ पासूनचं चित्र आहे. त्याआधी काय चालायचं ते माहीत असल्याशिवाय आजच्या भांडणाची गंमत कळत नाही.

२००७ साली ओकलंड रेडर्सने लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू) जामार्कस रसेल पहिल्या क्रमांकावर निवडला. त्याने अख्खा कॅम्प घरी बसून काढला आणि हंगामाचा पहिला सामना होऊन गेल्यावर, १२ सप्टेंबरला सही केली. सहा वर्षांचा करार, ६ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जाणारा, त्यातले ३ कोटींहून अधिक गॅरंटीचे, म्हणजे संघाने काढून टाकलं तरी मिळणारे. मे २०१० मध्ये संघाने त्याला नारळ दिला. त्याच वर्षी सेंट लुइस रॅम्सने पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाखांचा करार दिला, त्यात ५ कोटींची गॅरंटी. प्रो फुटबॉलमध्ये एकही पास न टाकलेल्या पोराला एवढे पैसे मिळताना बघून मालकांइतकाच जुन्या खेळाडूंचाही जीव जळत होता. त्यामुळे २०११ च्या टाळेबंदीनंतर नवा सामूहिक करार झाला तेव्हा रुकींच्या पगाराला कात्री लावायला कुणाचाच फारसा विरोध नव्हता. ज्यांचं नुकसान होणार होतं ते तेव्हा कॉलेजात होते, त्यांना मत कुठलं!

फरक बघा. २०११ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कॅम न्यूटन. त्याला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात पहिल्या क्रमांकाचा भाव तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला.

तेव्हापासून ड्राफ्टमध्ये निवडलेल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्यांना पाचव्या वर्षाचा पर्याय जोडलेला असतो, आणि तो वापरायचा की नाही हे संघ ठरवतो. प्रत्येक संघाला रुकींसाठी किती खर्च करता येईल याची मर्यादा असते, ती क्रमांकांवरून ठरते. पुढच्या वर्षांत पगार किती वाढवायचा यालाही लगाम आहे: पहिल्या वर्षाच्या रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त वाढ दर वर्षी देता येत नाही. खालची मर्यादा किमान पगाराची. २०२५ मध्ये रुकीचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. वर भिंत, खाली भिंत. मधल्या फटीत एजंट आणि संघाचे वकील बसतात.

म्हणून बातमीत ‘जास्त पैशांसाठी अडला’ असं वाचलंत की थोडं थांबा. पहिल्या फेरीत ते बहुधा खरं नसतं.

तिसरी पायरी: कुठलं कलम?

खरी मेख इथे आहे, म्हणून इथे जरा वेळ घालवू. आजकालचे जवळपास सगळे तंटे चार गोष्टींपैकी एकीवर होतात.

*ऑफसेट.* समजा, एका खेळाडूच्या चौथ्या वर्षाचे ४० लाख डॉलर गॅरंटीचे आहेत, आणि तिसऱ्या वर्षानंतर संघ त्याला काढून टाकतो. दुसरा संघ त्याला १० लाखांवर घेतो. करारात ऑफसेट असेल तर जुना संघ त्या १० लाखांची वजावट करून फक्त ३० लाख देतो. खेळाडूच्या हातात एकूण ४० लाखच. ऑफसेट नसेल तर जुन्याकडून ४० आणि नव्याकडून १०, म्हणजे ५० लाख. यातला छुपा भाग असा की ऑफसेट असला की नवा संघही त्याला किमान पगारच देऊ करतो, कारण जास्त दिले तरी खेळाडूला काही फायदा नाही, फायदा जुन्या संघाचा. म्हणजे हे कलम तेव्हाच जिवंत होतं जेव्हा खेळाडू सपशेल फसतो. निवडून चार महिनेही झाले नाहीत आणि दोन्ही बाजू त्याच्या अपयशाच्या दिवसावर घासाघीस करताहेत! मला तरी हे कलम कोत्या मनाचं वाटतं, पण संघांच्या बाजूने म्हणायचं तर रसेलचं प्रकरण त्यांच्या अजून लक्षात आहे.

*साइनिंग बोनस कधी मिळणार.* सहीबद्दल मिळणारी ही एकरकमी रक्कम म्हणजे वरच्या क्रमांकांवरच्या कराराचा सगळ्यात मोठा तुकडा असतो. पण ‘सही केल्याबद्दल’ म्हणजे ‘सही केल्याकेल्या’ नव्हे. काही संघ थोडे आत्ता आणि बाकीचे पुढच्या वर्षी देतात. खेळाडूला ते याच वर्षी, शक्य तितके लवकर हवे असतात.

ऑफसेट आणि बोनसची तारीख ही दोन्ही दुखणी एकत्र आली ती २०१६ मध्ये. सॅन डिएगो चार्जर्सने ओहायो स्टेटचा जोई बोसा तिसऱ्या क्रमांकावर घेतला. संघाला ऑफसेटही हवा होता आणि बोनसचा काही भाग पुढेही ढकलायचा होता. बोसाची बाजू म्हणत होती, दोन्हीपैकी एक घ्या. जुलै गेला, ऑगस्टही संपत आला. २४ ऑगस्टला संघाने जाहीर निवेदन काढून आपला प्रस्तावच मागे घेतला: आता हा मुलगा पूर्ण हंगामभर उपयोगी पडेल असं दिसत नाही, तर नवा प्रस्ताव त्या हिशेबाने देऊ. घरचं भांडण अंगणात आणल्यासारखं झालं, चाहतेही हळहळले. आणि पाचच दिवसांत, २९ ऑगस्टला, सही झाली. एकूण रक्कम सुमारे २ कोटी ५९ लाख डॉलर, म्हणजे त्या क्रमांकाला जी मिळायची होती तीच.

*गॅरंटी कशाने रद्द होते.* हे सगळ्यात कमी समजलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अलीकडे पहिल्या फेरीतल्या सगळ्यांचे चारही वर्षांचे पैसे गॅरंटीचे असतात. पण गॅरंटीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक घडलं तर गॅरंटी संपली. त्या ‘अमुक’मध्ये काय काय घालायचं यावर ओढाताण होते. रद्द झालेल्या गॅरंटीचा अर्थ पगार कापला असा नाही. पगार तसाच राहतो. फक्त संघाला त्याला फुकटात काढून टाकायची मोकळीक मिळते.

२०१८ साली शिकागो बेअर्सने आठव्या क्रमांकावर निवडलेला जॉर्जियाचा लाइनबॅकर रोक्वान स्मिथ यावरच अडला. त्या वर्षी लीगने डोकं खाली घालून हेल्मेटने धडकण्यावर नवा नियम आणला होता. त्या नियमाखाली निलंबन झालं तर गॅरंटी परत घेण्याची वाट संघाला मोकळी हवी होती. ज्याचं कामच दिवसभर माणसांना पाडणं आहे, त्याला हे कलम चालेल कसं? नियमही इतका नवा की पंच तो कसा लावणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑगस्टच्या मध्यावर सही झाली: १ कोटी ८४ लाख डॉलर, पूर्ण गॅरंटीचे.

२०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स आणि शेमार स्टुअर्ट यांचं तसंच झालं. टेक्सस ए अँड एमचा हा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) १७ व्या क्रमांकावर निवडला गेला. संघाला असं कलम हवं होतं की एका वर्षी कराराचा भंग झाला तर पुढच्या सगळ्या वर्षांची गॅरंटी जाईल. स्टुअर्टची बाजू दाखवत होती की याच संघाच्या मागच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात हे नव्हतं. मग माझ्यापासूनच का? कॅम्प सुरू झाल्यावर, २५ जुलैच्या सुमारास प्रकरण मिटलं. रक्कम साधारण १ कोटी ९० लाख.

*दुसऱ्या फेरीत किती भाग गॅरंटीचा.* हे नवं दुखणं. पहिल्या फेरीत गॅरंटी पूर्ण, दुसऱ्या फेरीत अर्धवट, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मे २०२५ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने ३४ व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला चारही वर्षांची पूर्ण गॅरंटी दिली. नव्या पगारपद्धतीत दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला असं कधी मिळालं नव्हतं. आता ३३ व्या क्रमांकाचा कार्सन श्वेसिंगर तर त्याच्याही एक पाऊल पुढे, मग क्लीव्हलँड ब्राउन्सला त्यालाही द्यावं लागलं. झालं! दुसऱ्या फेरीतल्या बाकीच्या तिसांनी पेनं खिशात घातली. ३५ व्याचा एजंट म्हणतो, मला पण. संघ म्हणतो, तुला दिलं तर ३६ वा दारात उभा. आपण रांगेतला पहिला व्हायचं नाही, म्हणून जुलैच्या मध्यापर्यंत सगळे एकमेकांकडे बघत बसले. पुढे ४० व्या क्रमांकाच्या टायलर शॉलाही न्यू ऑर्लिन्सकडून पूर्ण गॅरंटी मिळाली. तो क्वार्टरबॅक असल्याचा त्याला फायदा झाला असणार, असा माझा अंदाज.

इथेच संघांच्या हट्टाचं कारणही कळतं. पैसे त्यांच्यासाठी किरकोळ असतात, भीती असते पायंड्याची. आज एका कलमावर नमते घेतले की पुढच्या एप्रिलमधल्या खेळाडूचा एजंट त्याच कराराची प्रत टेबलावर आपटतो.

चौथी पायरी: कॅलेंडर उघडा

रुकीकडे ताकद कधी असते आणि कधी ओसरते, हे तारखांवरून कळतं.

मे-जूनच्या सरावसत्रांना सही न करताही जाता येतं, एक सहभागाचा करार लिहून: इथे दुखापत झाली तरी संघ तुझ्याशी धडधाकट खेळाडू समजूनच बोलणी करेल, असं त्यात असतं. काही जण तोही लिहीत नाहीत आणि कडेला उभे राहून बघतात. जूनमधल्या बातम्यांनी म्हणून घाबरू नका. त्या महिन्यात सही नसणं ही बातमीच नाही.

जुलैच्या शेवटी कॅम्प. सही नाही तर सराव नाही. बहुतेक तंटे या दाराशीच मिटतात, एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक फारशी न चर्चिली जाणारी तारीख येते: हंगामाच्या पहिल्या रविवारच्या ३० दिवस आधीपर्यंतच संघ सही न केलेल्या रुकीचे हक्क दुसऱ्या संघाला देऊ शकतो. ती टळली की ‘मला दुसरीकडे पाठवा’ हा दरवाजा त्या वर्षापुरता बंद. बोसाच्या वेळी ही तारीख गेली आणि मगच दोघांची भाषा चढली, हा योगायोग नव्हे.

सप्टेंबरपासून दर आठवड्याला पगार बुडतो. आणि दहाव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजेपर्यंत सही झाली नाही तर त्या वर्षी खेळताच येत नाही. मग उरतो एकच रस्ता: वर्ष वाया घालवून पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उतरणं. बो जॅक्सनने तो धरला होता. १९८६ मध्ये टँपा बेने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं, तो गेला नाही, बेसबॉल खेळला, आणि १९८७ मध्ये रेडर्सने त्याला सातव्या फेरीत उचललं. पण हातात दुसरा खेळ असलेले कितीसे? आणि जॅक्सन काय, १९८३ चा जॉन एलवे काय, २००४ चा एली मॅनिंग काय, त्यांची तक्रार करारातल्या कलमांवर नव्हती. त्यांना तो संघच नको होता. त्यांना या हिशेबात धरू नका.

पाचवी पायरी: ही बातमी कुणी पुरवली?

‘सूत्रांच्या म्हणण्यानुसार’ असं आलं की सूत्र कुणाच्या बाजूचं ते बघा. बातमीत एकूण रक्कम ठळक आणि खेळाडू हावरट दिसत असेल तर ती संघाकडून आलेली असण्याची शक्यता जास्त. ‘इतर कुठल्याही संघाच्या करारात हे कलम नाही’ असा सूर असेल तर एजंटकडून. एजंटचं कमिशन खेळाडू संघटनेने जास्तीत जास्त ३ टक्क्यांवर बांधलं आहे. म्हणजे या कलमांतून त्याला थेट मिळकत जवळजवळ शून्य. पण पुढच्या वर्षी कॉलेजच्या पोरांना दाखवायला काहीतरी लागतं. दोन्ही बाजूंचं वाचा आणि नेमकं कलम ज्या बातमीत लिहिलंय तीच ठेवा.

सहावी पायरी: मैदानावर किती नुकसान?

उत्तर खेळाडूच्या जागेवर अवलंबून आहे. क्वार्टरबॅकला कॅम्पचा प्रत्येक दिवस लागतो, म्हणून ते सहसा आठवड्याच्या आत येतात. २०१८ मध्ये जेट्सचा सॅम डार्नॉल्ड, २०२१ मध्ये त्याच संघाचा झॅक विल्सन, दोघेही जुलै संपायच्या आत सही करून मोकळे.

वाइड रिसीव्हरचं (पास झेलणाऱ्याचं) उदाहरण म्हणजे मायकेल क्रॅबट्री, २००९, सॅन फ्रान्सिस्को. दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, पण त्याचं म्हणणं होतं की माझी किंमत त्याहून वरची. जुन्या पद्धतीत असं म्हणता यायचं, कारण तेव्हा रक्कम खरोखर मोकळी होती. ७ ऑक्टोबरला सही केली, पाच सामने हुकले. मैदानात उतरल्यावर खेळला मात्र ठीकठाक.

बचावपटूंचं आणखी वेगळं. बोसा महिनाभर उशिरा आला, मांडीचा स्नायू दुखावल्याने पहिले चार सामनेही गेले, आणि उरलेल्या १२ सामन्यांत साडेदहा सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) करून तो वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू रुकी ठरला. रोक्वान स्मिथ तर एकही सराव सामना न खेळता ग्रीन बेच्या मैदानावर उतरला आणि कारकिर्दीतल्या पहिल्याच स्नॅपला, म्हणजे पहिल्याच चालीत, त्याने क्वार्टरबॅकला आडवं केलं. तेव्हा तुमच्या संघाचा एज रशर आठवडाभर आला नाही म्हणून हंगाम बुडाला असं समजू नका. स्नायूंच्या दुखापतीची धास्ती मात्र खरी: कॅम्पची उष्णता न सोसलेलं शरीर एकदम वेगात टाकलं की तिथेच कुरकुरतं.

आणि तीन वर्षांनी

ड्राफ्टमधल्या खेळाडूला तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत करार बदलून मागता येत नाही. ते झाले की दुसरा अंक सुरू होतो, आणि तिथे रक्कम खुली असते. २०१९ मध्ये डॅलसचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) इझिकियल एलियट दोन वर्षांचा करार शिल्लक असताना अख्खा कॅम्प मेक्सिकोत व्यायाम करत राहिला आणि ४ सप्टेंबरला सहा वर्षांच्या ९ कोटींच्या वाढीव करारावर सही केली.

२०२० च्या नियमांनी हे महाग केलं, तेव्हा खेळाडूंनी पळवाट काढली. कॅम्पला हजर व्हायचं, बैठकांना बसायचं, फक्त सराव करायचा नाही. याला ‘होल्ड-इन’ म्हणतात. माणूस हजर आहे, मग गैरहजेरीचा दंड कसा लावणार? २०२२ मध्ये हाच रोक्वान स्मिथ एजंटशिवाय, स्वतःच बेअर्सशी बोलणी करत असा होल्ड-इनवर बसला. बोलणी फिसकटली, हंगाम अर्ध्यावर असताना संघाने त्याला बाल्टिमोरला पाठवून दिलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये रेव्हन्सने त्याच्यापुढे पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार ठेवला.